मनासाठी पुस्तक हवंय? सोबत एक वहीही घ्या

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी एकोणीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसते आहे. कादंबरी हवी असलेला वाचक लेखकाचं नाव घेऊन मोठ्याने मागतो. दिवाळी अंक मागणारा तर दारातूनच हाक मारतो. एक मागणी मात्र हळू आवाजात होते, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही हे बघून. "मॅडम, मन जरा शांत होईल असं काही आहे का?" कधी बारावीचा मुलगा असतो, कधी नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी, कधी बाळंतपणानंतर पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडलेली मुलगी.

ही पुस्तकं परत आली की मी ती चाळून मगच कपाटात लावते. बहुतेकांत खुणेचा कागद, म्हणजे एसटीचं तिकीट नाहीतर औषधाच्या दुकानाची पावती, तिसाव्या-चाळिसाव्या पानाशी अडकलेला सापडतो. पुढची पानं नव्यासारखी करकरीत. पाककृतीची पुस्तकं बघा: हळदीचे डाग, तेलाची बोटं, पुरणपोळीच्या पानावर सुकलेलं पीठ. ते पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून वापरलं गेलेलं असतं. त्या डागांकडे बघता बघता मला उमगलं की मनाच्या आरोग्याची पुस्तकंही याच जातीची आहेत. ती करत करत वाचायची असतात. कादंबरीसारखी वाचायला घेतली की चाळिसाव्या पानाशी थांबतात.

ज्यांनी असं पुस्तक कधी हातात घेतलेलं नाही, किंवा घेतलं आणि अर्ध्यावर ठेवलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आठ आठवडे हाताशी ठेवा. एक अडचण, एक पुस्तक, एक वही.

सगळ्यात आधी: पुस्तक पुरणार आहे का?

सौम्य ते मध्यम त्रासाला पुस्तक उपयोगी पडतं. सारखी काळजी लागून राहणं, चारचौघांत बोलायची भीती, चिडचिड, टाळाटाळ, स्वतःला कमी लेखणं, उदास वाटत असूनही रोजची कामं कशीबशी चाललेली असणं, इथे ते कामाचं. त्रास त्यापलीकडे गेला की आधी डॉक्टर.

मी कोणाचं निदान करत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण पुढल्यापैकी काही कानावर आलं तर मी पुस्तक देण्याआधी खुर्ची देते आणि पाणी देते. जगणं नको वाटतंय, मरणाचे विचार येतायत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, जेवण आणि काम पार विस्कटलंय. इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतायत, कोणीतरी पाळतीवर आहे अशी खात्री वाटतेय. झोप नसतानाही दिवसचे दिवस अंगात उधाण आहे आणि पैसा वारेमाप खर्च होतोय. रोजची दारू एकाएकी बंद केल्यावर हात थरथरतायत, दरदरून घाम येतोय. यात जिवाला धोका असतो, तेव्हा त्या माणसाला थेट दवाखान्यात न्या. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांत ओसरली नाही, तर तिथेही पुस्तकाची वाट बघू नका.

कोणाकडे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या टेबलाच्या काचेखाली हा नंबर मी मोठ्या अक्षरांत लावला आहे. कितीतरी जण पुस्तकाची नोंद होईपर्यंत तो गुपचूप मोबाइलमध्ये टिपून घेतात. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२.

शरीराकडेही बघा. थायरॉइडचं काम मंदावलेलं असेल, अंगात रक्त किंवा बी-१२ कमी असेल, तर थकवा आणि उदासी येते आणि माणूस त्याला स्वभावातला दोष समजतो. आमच्या एक वाचक सलग तीन महिने आत्मविश्वास वाढवण्याची पुस्तकं नेत होत्या. शेवटी रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं. गोळी सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी त्या येऊन म्हणाल्या, "मी एवढे दिवस स्वतःला आळशी म्हणत होते हो." ते वाक्य मी विसरलेले नाही.

आपला त्रास किती आहे याचा साधारण अंदाज घ्यायला पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे, जगभरचे डॉक्टर ती वापरतात. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, त्याला ० ते ३ गुण. एकूण गुण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवलेलं बरं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, आजच कोणाशी तरी बोला. ही प्रश्नावली रोगाचं नाव ठरवत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण आज, चौथ्या आठवड्यात आणि आठव्या आठवड्यात ती भरून तारखेसह वहीत लिहून ठेवली, तर फरक पडतोय का हे नुसत्या भासावर राहत नाही.

अडचण एका वाक्यात लिहा

"मला टेन्शन येतं" या वाक्यावरून पुस्तक शोधता येत नाही. एका मुलाला मी विचारत गेले: कधी येतं, कुठे येतं, अंगात काय होतं, मग तू काय करतोस? दहा मिनिटांनी त्याचं वाक्य झालं, "तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्रीपासून पोटात कळ येते आणि त्या दिवशी मी कॉलेजला जायचं टाळतो." हे वाक्य हाताला लागणारं आहे. केव्हा, कुठे, शरीरात काय आणि त्यापायी मी काय टाळतो, एवढं त्यात आलं की झालं.

त्याच पानावर खाली दुसरं वाक्य लिहा: आठ आठवड्यांनी दुसऱ्याला डोळ्यांनी दिसेल असं काय बदललेलं हवं? "मी आनंदी होईन" हे कोणाला दिसत नाही. "वर्गात एकदा हात वर करून प्रश्न विचारीन" हे दिसतं.

अडचणी चार-पाच असतात, मला ठाऊक आहे. त्यातली सगळ्यात मोठी पहिल्यांदा घेऊ नका. मधली घ्या.

कपाटात सगळं एकत्र असतं

वाचनालयाच्या ड्यूई वर्गीकरणात स्वतःला घडवण्याची पुस्तकं १५८ या क्रमांकात येतात, मानसिक आजारांवरची वैद्यकीय पुस्तकं ६१६.८ मध्ये. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी "व्यक्तिमत्त्व विकास" अशी चिठ्ठी लावलेल्या एकाच फळीवर सगळं उभं असतं, दुकानांतही तेच. त्यामुळे कुठलं पुस्तक कशासाठी हे वाचकालाच ओळखावं लागतं.

एक असतं पद्धत शिकवणारं पुस्तक. त्यात तक्ते असतात, स्वाध्याय असतात, "आता पुस्तक मिटा आणि हे करा" असं सांगितलेलं असतं. दुसरं अनुभवाचं: कोणीतरी आपल्या किंवा घरच्या माणसाच्या आजारातून कसं निभावलं ते सांगितलेलं. हे पद्धत शिकवत नाही, पण आपण एकटे नाही हे कळतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. तिसरं स्फूर्ती देणारं, यशाच्या गोष्टींचं. चौथं अध्यात्माचं. ज्या घरात मनाचे श्लोक रोज म्हटले जातात तिथे मनाशी बोलण्याची सवय आधीच आहे, ती जरूर राखा. फक्त २०५ श्लोक पाठ आहेत म्हणून मला उदासी यायलाच नको होती, असा दंड स्वतःला करू नका.

पहिल्या आठ आठवड्यांसाठी पहिल्या प्रकारातलंच पुस्तक घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडीला अनुभवाचं एखादं चालेल.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते. आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे, मी समर्थ आहे" असं रोज म्हणायचं, ही त्यातली ठरलेली गोष्ट. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. "माझ्यावर कोणीही प्रेम करावं अशी मी आहे" अशा अर्थाचं वाक्य लोकांना घोकायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात बरं वाटत होतं त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता, त्यांना ते न घोकणाऱ्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज होती त्यालाच ते बाधलं. मनाला न पटणारं वाक्य घोकलं की आतून लगेच त्याचा प्रतिवाद सुरू होतो. अशी वाक्यं घोकून तुम्हालाही रितं वाटलं असेल तर दोष तुमचा नव्हता.

पुस्तक निवडताना

लेखक कोण आहे ते मागच्या पानावर बघा. मानसोपचार करणारा किंवा शिकवणारा असेल तर उत्तम. मग मधलं कुठलंही प्रकरण उघडा आणि बघा, वाचकाला काही करायला सांगितलंय का? मग "या पुस्तकाने काय होणार नाही" हे कुठे लिहिलंय का ते शोधा. ज्याला आपल्या उपचाराची हद्द माहीत असते तो लेखक ती सांगतो. एकवीस दिवसांत आयुष्य बदलण्याची हमी, औषधं सोडून देण्याचा सल्ला, नुसत्या विचाराने कॅन्सर बरा झाल्याच्या कहाण्या, यातलं काहीही दिसलं की पुस्तक जागेवर ठेवा.

अनुवाद असेल तर एक पान मोठ्याने वाचा. "तुमच्या भावनांची मालकी घ्या", "स्वतःशी जोडले जा" अशी वाक्यं ओळीने यायला लागली तर पंधरा पानांनंतर दमायला होतं. एकाच गोष्टीला एका पानावर चिंता, दुसऱ्यावर अस्वस्थता, तिसऱ्यावर ताण म्हटलेलं असेल तर तक्ते भरताना गोंधळ उडतो. पदपथावरच्या स्वस्त नकली प्रतींत तक्त्यांचीच पानं पुसट आलेली असतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात.

कुठल्या त्रासाला कुठली पद्धत, याची थोडक्यात कल्पना देते. भीती आणि टाळाटाळ असेल तर भीतीच्या गोष्टींची लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंड रचून एकेक गोष्ट करायला लावणारं पुस्तक बघा. उदासी असेल तर मूड येण्याची वाट न बघता दिवसात छोटी छोटी कामं आखायला लावणारं. झोप येत नसेल तर उठण्याची वेळ पक्की करायला आणि अंथरुणावर पडून फोन बघणं, काम करणं बंद करायला सांगणारं. चिंतेचा भुंगा सतत मागे असेल तर "चिंतेची वेळ" ठरवून देणारं: संध्याकाळचा अर्धा तास चिंतेला द्यायचा, दिवसभरात आलेली प्रत्येक चिंता एका ओळीत टिपून त्या वेळेवर ढकलायची. राग, अपराधीपणा, आपण कमी पडतो ही टोचणी, यांच्यासाठी विवेकनिष्ठ पद्धत. तिच्याकडे पुढे सविस्तर येते.

विकत घेण्याआधी वाचनालयात बघा. अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी बहुधा एका पुस्तकाच्या किमतीहून कमीच पडते, आणि पुस्तक पटलं नाही तर दुसरं नेता येतं. हे पुस्तक कोणासाठी, असं आम्ही विचारत नाही.

इंग्लंडमध्ये २०१३ पासून एक पद्धत आहे. तज्ज्ञांनी ठरवलेल्या यादीतली पुस्तकं डॉक्टर सुचवतात आणि ती सार्वजनिक वाचनालयात मिळतात. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली, अनुदान घेणारी वाचनालयं गावोगावी आहेत. तिथे मराठी पुस्तकांची अशी यादी असावी हे माझं जुनं स्वप्न आहे. तोवर मी आमच्यापुरती एक वही केली आहे.

बसायचं कसं

रोज वीस मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. अंथरुणात नको, झोप लागते. फोन दुसऱ्या खोलीत. दोनशे पानी वही आणि पेन्सिल. वाचनालयाच्या पुस्तकावर कृपा करून खुणा करू नका. पान क्रमांक वहीत लिहा आणि पुढे आपल्या शब्दांत एक ओळ. आपल्या शब्दांत लिहिता आली नाही तर ते पान अजून कळलेलं नाही, पुन्हा वाचा.

आठवड्याला एकच प्रकरण. दोन दिवस वाचायचं, पाच दिवस त्यातला स्वाध्याय करायचा. पुस्तक परत करायची तारीख आली की वाढवून घ्या, दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर कुठलाही ग्रंथपाल वाढवून देतो. स्वाध्याय सोडून पुढचं प्रकरण वाचण्याचा मोह होईल, कारण वाचताना बरं वाटतं आणि लिहिताना टोचतं. पण काम टोचतं तिथेच होत असतं.

"च" शोधा: एक तक्ता जवळून

अल्बर्ट एलिस हे न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ. आधी मनोविश्लेषण करत, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेलं उकलून बघण्याची पद्धत. त्यातून रुग्णांना लवकर गुण येत नाही हे बघून १९५५ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली. प्रसंग माणसाला बेचैन करत नाही, प्रसंगाबद्दलचं त्याचं मत करतं, हा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा विचार त्यांनी उपचाराचा पाया केला. मराठीत याला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत इकडे रुजवली. अंजली जोशी आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी त्यावर मराठीत भरपूर लिहिलं. म्हणजे या एका पद्धतीसाठी तुम्हाला अनुवादावर अवलंबून राहावं लागत नाही. नवख्या मराठी वाचकाला मी इथूनच सुरुवात करायला सांगते, त्याचं हेही एक कारण.

तक्ता सोपा आहे. घटना, दृष्टिकोन, परिणाम, मग वाद, मग नवा दृष्टिकोन. माझ्याच वहीतला दाखवते.

वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला वेगळा क्रमांक देऊन ते दाखल नोंदवहीत लिहितात. काही वर्षांपूर्वी आमच्या या नोंदवहीत दोन पुस्तकांना एकच दाखल क्रमांक पडला होता. चूक माझी. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांच्या ती लक्षात आली आणि दोन वाचक समोर उभे असताना ते म्हणाले, "एवढ्या वर्षांनी साधी नोंद करता येत नाही?" मी तीन रात्री झोपले नाही.

घटनेच्या रकान्यात पहिल्यांदा मी लिहिलं, "माझा सगळ्यांसमोर अपमान केला." ते खोडावं लागलं. या रकान्यात कॅमेऱ्यात जे टिपलं गेलं असतं तेवढंच लिहायचं: सकाळी अकराची वेळ, दोन वाचक, ते एक वाक्य. अपमान हा माझा अर्थ होता, तो दुसऱ्या रकान्यातला.

परिणामाच्या रकान्यात: छातीत धडधड, जेवण नको, पुढचे चार दिवस ते आले की मी पुस्तकं लावायच्या निमित्ताने मागच्या खोलीत.

आता दृष्टिकोन. स्वतःशी आपण काय बोलत होतो ते जसंच्या तसं लिहायचं, शहाणपण न घालता. मी लिहिलं: "माझ्या कामात चूक निघताच कामा नये. त्यांनी लोकांसमोर बोलायलाच नको होतं. मी हे काम करायच्या लायकीचीच नाही."

इथे पेन्सिल घ्या आणि प्रत्येक "च"भोवती गोल काढा. तीन वाक्यं, तीन च. एलिस यांचं सगळं सांगणं याभोवतीच आहे: माणसाला इच्छा असणं निरोगी आहे, पण ती इच्छा हट्ट झाली की त्रास सुरू होतो. मराठीत तो हट्ट बहुतेक वेळा या एका अक्षरात बसलेला असतो. "चूक होऊ नये" ही इच्छा. "चूक होताच कामा नये" हा हट्ट. प्रत्येक च वाईट नसतो, "आजच औषध आण" यातला चांगलाच आहे. ज्यात जगाने, दुसऱ्याने किंवा आपण स्वतः अमुकच असलं पाहिजे असा हुकूम असतो, तेवढेच धरायचे.

मग वाद घालायचा, लेखी. प्रत्येक गोल केलेल्या वाक्याला तीन प्रश्न. हे खरं कशावरून? मी लिहिलं: इतक्या वर्षांत चुका झाल्या नाहीत असं एकही वर्ष नाही, म्हणजे "निघताच कामा नये" हा नियम कधी लागू नव्हताच. यातून हे निष्पन्न होतं का? एका नोंदीवरून नोंद चुकली एवढंच ठरतं. सबंध बाई कशी ठरेल? असं मानून माझा फायदा काय? तीन रात्रींची झोप गेली आणि ती नोंद अजून दुरुस्त झालेली नव्हती, कारण ती वही उघडायचीच मला भीती वाटत होती.

शेवटचा रकाना: "चूक झाली नसती तर बरं झालं असतं. झाली. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मला आवडलं असतं, पण कसं बोलायचं हे त्यांच्या हातात आहे. मला वाईट वाटलंय आणि ते चालेल. नोंद दुरुस्त करता येते."

"वाईट वाटलंय आणि ते चालेल" यावर थोडं थांबा. नवखे वाचक इथे हमखास चकतात. तक्ता भरला की मन एकदम प्रसन्न व्हावं अशी त्यांची अपेक्षा असते. तसं होणार नाही, व्हायलाही नको. अपराधीपणाच्या जागी खंत आली, संतापाच्या जागी नाराजी आली, सैरभैर चिंतेच्या जागी साधी काळजी आली, की तक्त्याने आपलं काम केलं. खंत असली तरी माणूस जेवतो आणि वही उघडतो.

आणि कृती हवीच. तक्ता भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती दाखल नोंदवही घेऊन त्यांच्यासमोर गेले आणि दुरुस्तीवर त्यांची सही मागितली. पाय कापत होते. एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला फार लाजत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी महिनाभर ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी जाऊन बोलायचं ठरवलं आणि शंभरावर जणींशी बोलायचा प्रयत्न केला. एकही भेट ठरून पार पडली नाही, पण नकाराने आकाश कोसळत नाही हे अंगात मुरलं. हा किस्सा ते आयुष्यभर सांगत. अनोळखी स्त्रियांच्या बाबतीत हा प्रयोग आज कोणी करू नये. त्यातलं घ्यायचं ते एवढंच की ज्याची भीती आहे ते लहान प्रमाणात, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

पहिल्या आठवड्यात एकच तक्ता पूर्ण करा, मग रोज एक. मोठे प्रसंग नकोत. दूध उतू गेलं, बस चुकली, नणंद फोनवर तुटक बोलली, असले घ्या. हात बसला की मोठे.

तिसऱ्या आठवड्यात थांबलात तर

थांबालच, बहुतेक जण थांबतात. सवय एकवीस दिवसांत लागते हे सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी लोकांच्या रोजच्या सवयी मोजल्या. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, कोणाला १८ लागले, तर हिशेबाने कोणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी मन जुन्याच वाटेने गेलं तर पुस्तक खोटं ठरत नाही आणि तुम्हीही नाही. गेल्या आठवड्याचा स्वाध्याय पुन्हा करा. पाच दिवस गेले असतील तर भरपाई म्हणून एका बैठकीत पाच तक्ते भरू नका.

कधी पुस्तक उलटतं

वही उघडली की तासतास तेच ते उगाळलं जात असेल आणि उठताना बसतानापेक्षा जड वाटत असेल, तर लिहिणं थांबवा. वीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की उठून चालून या. दोन आठवडे हेच होत राहिलं तर माणसाशी बोलण्याची वेळ आली आहे असं समजा.

घरात मारहाण होतेय, पगार सहा महिने मिळालेला नाही, वरिष्ठ अंगचटीला येतोय. हे दृष्टिकोनाचे प्रश्न नाहीत. अशा बाईला "आपल्या प्रतिक्रियेवर काम कर" असं सांगणारं पुस्तक देणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन, वकील, माहेर, संघटना. तक्ता नंतर, झालाच तर.

चालू औषधं पुस्तक वाचून कमी करू नका, एक गोळीसुद्धा. आणि पुस्तकात वाचलेली आजारांची नावं नवऱ्याला, सासूला लावत बसू नका. मी हे होताना बघितलं आहे. पुस्तक स्वतःसाठी नेलेलं असतं आणि आठवड्याने घरातल्या प्रत्येकाला एकेक बिरुद मिळालेलं असतं. मग घरात त्या पुस्तकाचं नावही चालत नाही.

सोबत

अमेरिकेत फॉरेस्ट स्कॉगिन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उदासीचा सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तक घरी वाचायला दिलं, चार आठवडे. ज्यांना पुस्तक तेव्हा दिलं नव्हतं त्या गटापेक्षा वाचणाऱ्यांत सुधारणा दिसली. त्यात एक लहानशी गोष्ट होती: दर आठवड्याला वाचकाला एक छोटा फोन जायचा. मला ती फार महत्त्वाची वाटते. तुम्हीही एक माणूस ठरवा, रविवारी पाच मिनिटं. त्याने सल्ला द्यायचा नाही. "कितवं प्रकरण? स्वाध्याय झाला का?" एवढंच विचारायचं. मैत्रीण चालेल, मावसभाऊ चालेल, परदेशी गेलेला वर्गमित्र चालेल.

दुसऱ्यासाठी पुस्तक न्यायचं असेल तर आधी स्वतः वाचा. मुलाच्या उशाशी गुपचूप ठेवू नका. "हे वाच म्हणजे सुधारशील" असं म्हणू नका, त्यात त्याला फक्त "तू बिघडला आहेस" हे ऐकू येतं. "मी हे वाचतेय, यातलं एक पान मला लागू पडलं, तुला बघायचं तर टेबलावर आहे," एवढं बोलून गप्प बसा. काही आठवड्यांनी त्याने उचललं तर उचललं.

आठ आठवडे संपले की पुस्तक परत करा, वही ठेवा. त्याआधी, ज्या दोन-तीन पानांनी खरोखर काम केलं त्यांचे क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या आणि पुस्तकाचा दाखल क्रमांकही. तो आतल्या पानावर शिक्क्यात असतो. त्रासाने पुन्हा डोकं वर काढलं तर त्या दिवशी सगळं कपाट धुंडाळायचं बळ नसेल. टेबलाशी येऊन नुसता क्रमांक सांगा. पुस्तक मी काढून देते.